वडोदऱ्यात लारी, पाथरणे किंवा सणापुरता स्टॉल लावण्यापूर्वी

दांडिया बाजाराच्या बाजूला पाथरणे घालून गजरे आणि वेण्या विकणाऱ्या एका मावशींकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात महापालिकेच्या पावत्या, फोटो पिवळा पडलेले एक ओळखपत्र, बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र, दंडाच्या दोन पावत्या आणि मुलाच्या नावाचे वीजबिल असा सगळा ऐवज एका रबरबँडात बांधून ठेवलेला असतो. यातला तुमच्या धंद्याचा खरा आधार कोणता, असे मी त्यांना पहिल्यांदा विचारले, तेव्हा त्यांनी कर्जमंजुरीचे पत्र पुढे केले, कारण त्यावर बँकेचा शिक्का होता आणि सरकारी योजनेचे नाव ठळक छापलेले होते. वास्तविक त्या पत्राचा आणि त्या बसतात त्या जागेचा काडीचाही संबंध नव्हता. कामाचा कागद म्हणजे ते पिवळे पडलेले ओळखपत्र, आणि त्याची मुदत कधी संपते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

गेली काही वर्षे ओळखीच्या लारीवाल्यांचे (लारी म्हणजे हातगाडी) आणि पाथरणेवाल्यांचे अर्ज लिहून देताना हाच घोटाळा मला पुन्हा पुन्हा आढळला आहे. कागद पुष्कळ असतात, पण कोणता कागद कशासाठी, याचा पत्ता नसतो. पुढील माहिती त्या अनुभवावरून दिली आहे. आपल्याकडे बरेच मराठी लोक सेवउसळीची लारी, फुलांचे पाथरणे, उत्तरायणातला पतंगांचा मांडव किंवा दिवाळीतला फटाक्यांचा स्टॉल चालवतात, तेव्हा उदाहरणेही त्यांतलीच घेतली आहेत.

कायद्याच्या दृष्टीने विक्रेता कोण

या विषयाचा मूळ कायदा केंद्राचा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे विनियमन करणारा २०१४ चा हा अधिनियम १ मे २०१४ पासून अमलात आला असून, त्याच्या आधारे राज्य सरकारने नियम व योजना करावयाची आणि महापालिकेने ती राबवावयाची, अशी त्याची रचना आहे. आपल्या शहरात अर्ज गुजरातीत असतात आणि त्यांवर ‘शेरी फेरिया’ हा शब्द दिसतो. त्यावरून हा अर्ज केवळ गल्लोगल्ली फिरणाऱ्यांसाठी आहे असा समज करून घेऊ नये. रस्ता, फुटपाथ, गल्ली, सार्वजनिक बाग किंवा अन्य सार्वजनिक जागी, अथवा खासगी जागेतही, तात्पुरत्या उभारणीतून किंवा फिरून माल विकणारा वा सेवा देणारा प्रत्येक जण या व्याख्येत येतो. म्हणजे एका जागी उभी राहणारी लारी, जमिनीवरचे पाथरणे, डोक्यावरची पाटी आणि गल्ला हे सारे एकाच कायद्याखाली आहेत. (पुण्या-मुंबईचे पाहुणे ‘गल्ला’ म्हणजे पैशांची पेटी समजतात. बडोद्यात गल्ला म्हणजे पानविडीची टपरी, हे त्यांना समजावून सांगावे लागते.)

या व्याख्येला एक मोठा अपवाद आहे, तो रेल्वेचा. रेल्वेची जमीन, आवार आणि गाड्या यांना हा कायदा लागू नाही. स्टेशनाच्या सयाजीगंज बाजूला किंवा अलकापुरी बाजूला धंदा करणाऱ्याने आपण उभे राहतो ती जागा महापालिकेच्या रस्त्याची आहे की रेल्वेच्या हद्दीतली, हे आधी पक्के करून घ्यावे. हद्द ओलांडून दहा पावले आत गेले की महापालिकेचे ओळखपत्र निरुपयोगी ठरते आणि रेल्वे अधिनियमाचे कलम १४४ लागू होते, ज्यानुसार रेल्वेच्या परवान्याविना फेरी करणे हा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट जागेच्या हक्काविषयी. रस्त्यावर व्यापार करणे हा राज्यघटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदन सिंग यांच्या खटल्यात मान्य केले, परंतु त्याच निकालात अमुक एक जागा आपलीच असा हक्क कोणाला सांगता येणार नाही, हेही स्पष्ट केले. २०१४ चा कायदाही विक्रीच्या प्रमाणपत्रातून जागेची मालकी मिळत नाही असेच सांगतो. ‘आमच्या आजोबांपासूनची जागा’ हे वाक्य अर्जात जरूर लिहावे, कारण जुना वावर सिद्ध करण्यास त्याचा उपयोग होतो, मात्र मालकीचा दावा म्हणून ते लिहू नये.

सर्वेक्षण, आणि त्यात आपले नाव

सर्व व्यवस्थेचा पाया सर्वेक्षण हा आहे. टाउन वेंडिंग कमिटी, म्हणजे शहराची पथविक्रेता समिती, हिने किमान दर पाच वर्षांनी शहरातील विक्रेत्यांची गणना करावयाची असते. समितीचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. गणनेत आढळलेल्या विक्रेत्यांना विक्रीक्षेत्रात सामावून घेणे बंधनकारक असून त्यास वॉर्ड, विभाग किंवा शहर यांच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची मर्यादा आहे. २०११ च्या जनगणनेत वडोदरा शहराची लोकसंख्या सोळा लाखांहून अधिक होती, म्हणजे शहर एकत्र धरल्यास चाळीस हजारांच्या आसपास विक्रेत्यांना वाव निघतो. परंतु हिशेब वॉर्डानुसार होऊ लागला की मांडवी, न्यायमंदिर आणि मंगळबाजार यांसारख्या दाटीच्या भागात हीच मर्यादा फार लवकर भरते.

सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही, हे कलम ३ मधील वाक्य प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर्वेक्षण करणारी माणसे आली त्या दिवशी आपण गावी असलो किंवा लारी दुरुस्तीला गेली असली, तर नाव राहून जाते, आणि पुढची पाच वर्षे आपण कागदावर नसतोच. म्हणून शेजारच्या विक्रेत्याला सांगून ठेवावे, घरातील एखाद्याला जागेवर बसवावे आणि नाव सुटल्याचे कळताच वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. तोंडी तक्रारीला कोणी नाही म्हणत नाही, पण तिची नोंदही कोणी ठेवत नाही.

दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात नव्याने धंदा सुरू करावयाचा असल्यास मार्ग बंद नसतो. योजना, विक्री आराखडा आणि त्या क्षेत्राची धारणक्षमता, म्हणजे तेथे किती विक्रेते मावतात हे, पाहून समिती अशा व्यक्तीस प्रमाणपत्र देऊ शकते. अर्जदारांची संख्या जागांपेक्षा अधिक झाल्यास योजनेत ठरवलेल्या पद्धतीने निवड होते आणि त्या वेळी अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला, दिव्यांग आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य मिळते. यांपैकी ज्या गटात आपण बसतो त्याचा दाखला मूळ अर्जालाच जोडावा.

अर्ज भरताना

अर्ज वॉर्ड कार्यालयात किंवा महापालिकेच्या यूसीडी शाखेत, म्हणजे शहरी समुदाय विकासाचे काम पाहणाऱ्या शाखेत, विचारून द्यावा. खंडेराव मार्केटातील मुख्य कार्यालयात थेट गेल्यास बहुधा वॉर्डाकडेच परत पाठवतात, तेव्हा सुरुवात वॉर्डापासून करणे बरे. मात्र येथे एक चूक मी स्वतः करून बसलो आहे. नवापुऱ्यात राहणाऱ्या आणि दुसऱ्या भागात लारी लावणाऱ्या एका गृहस्थांचा अर्ज मी त्यांच्या आधार कार्डावरचा पत्ता पाहून राहत्या वॉर्डात देऊन आलो. वॉर्ड ठरतो तो विक्रीच्या जागेवरून, हे मला तेव्हा सुचले नाही. अर्ज परत येण्यात आणि नव्याने भरण्यात दोन महिने गेले आणि तेवढ्यात त्या वर्षीचा उन्हाळ्याचा हंगामही संपला.

नावाच्या बाबतीत मराठी कुटुंबांनी विशेष काळजी घ्यावी. गुजरातीत ‘जाधव’चे ‘जादव’ होते, ‘शिंदे’चे ‘सिंदे’ होते, आणि आडनाव आधी लिहिण्याच्या येथील पद्धतीमुळे काही कागदांवर नाव उलटसुलट पडते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत रेशनकार्डावर एक, पासबुकावर दुसरे आणि आधारवर तिसरे नाव असणे अगदी सर्रास आहे. आधारवरील नाव प्रमाण धरून बाकीचे कागद त्याप्रमाणे सुधारून घ्यावेत. ते जमण्यासारखे नसेल तर ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे सोगंदनामे, म्हणजे आपले प्रतिज्ञापत्र, अर्जासोबत जोडावे.

आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि छायाचित्रे तर लागतातच, पण खरी मदत होते ती विक्रीच्या पुराव्याची. आपण अमुक ठिकाणी अमुक वर्षापासून उभे राहतो, हे दाखवणारा कोणताही तारखेचा कागद टाकून देऊ नये: महापालिकेने घेतलेल्या पैशांची पावती, दंडाची पावती, जप्त मालाची यादी, जुन्या सर्वेक्षणाची चिठ्ठी. दंडाची पावती ही लपवण्याची वस्तू आहे असे बहुतेकांना वाटते. परंतु त्या दिवशी आपण त्या जागेवर होतो याचा त्याहून चांगला पुरावा क्वचितच असतो, कारण तो कार्यालयाच्याच हातचा असतो. गुळगुळीत कागदावर यंत्रातून छापलेल्या पावत्या दोन उन्हाळ्यांत कोऱ्या होतात, म्हणून त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून ठेवावी. लारीचे छायाचित्र काढताना मागे दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा देवळाची कमान अशी न हलणारी खूण दिसेल असे काढावे. नुसत्या लारीचे छायाचित्र कोणत्याही रस्त्यावरचे असू शकते.

फॉर्ममध्ये आपण एका जागेचे विक्रेते आहोत की फिरते, हा रकाना असतो. सकाळी रहिवासी सोसायट्यांतून भाजी फिरवून संध्याकाळी एका नाक्यावर उभे राहणारे बरेच जण येथे अडखळतात. ज्या प्रकारचे प्रमाणपत्र मिळते त्याच प्रकारे धंदा करणे अपेक्षित असल्याने, उत्पन्नाचा मोठा भाग ज्या पद्धतीने येतो ती पद्धत लिहावी. एका जागेचे प्रमाणपत्र अधिक ‘मोठे’ असते या समजुतीने तो रकाना भरू नये. दाटीच्या वॉर्डात जागेचे प्रमाणपत्र मिळणे कठीण जाते, तेथे फिरत्या प्रकाराचा अर्ज लवकर मार्गी लागण्याची शक्यता अधिक असते.

प्रमाणपत्रापूर्वी हमीपत्र द्यावे लागते. गुजरातीत त्याला बांहेधरी म्हणतात. त्यात तीन गोष्टी असतात. धंदा मी स्वतः किंवा माझ्या कुटुंबातील व्यक्ती करील, मला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र किंवा त्यात नमूद केलेली जागा मी भाड्याने वा अन्य कोणत्याही रीतीने दुसऱ्यास देणार नाही. तिसरी अट सर्वांत जास्त मोडली जाते. रोजच्या भाड्यावर लारी, म्हणजे केवळ गाडा, घेणे ही एक गोष्ट झाली आणि ‘जागा’ भाड्याने घेणे ही वेगळी. गाड्याचे भाडे देत असाल तर त्याची चिठ्ठी घ्यावी व त्यावर ‘हातगाडीचे भाडे’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. जागेसाठी कोणी पैसे मागत असेल, तर तो ज्या हक्काचा सौदा करतो आहे तो हक्कच त्याच्यापाशी नाही आणि असे पैसे देऊन आपल्यालाही काही मिळत नाही.

प्रमाणपत्रधारकाचा मृत्यू झाला, त्यास कायमचे अपंगत्व आले किंवा तो आजारी पडला, तर प्रथम पती वा पत्नी आणि त्यानंतर अवलंबून असलेले अपत्य, या क्रमाने कुटुंबातील एका व्यक्तीस प्रमाणपत्राच्या उरलेल्या मुदतीपर्यंत धंदा चालू ठेवता येतो. प्रमाणपत्रासाठी वयाची अट चौदा वर्षे पूर्ण असण्याची आहे.

तीन कागद, तीन कामे

आता त्या पत्र्याच्या डब्याकडे परत येऊ. त्यात तीन प्रकारचे सरकारी कागद एकत्र गुंतलेले होते आणि बहुतेकांच्या डब्यात तसेच असतात.

पहिला म्हणजे पावती. महापालिकेने पैसे घेतले म्हणून परवानगी मिळाली, असे होत नाही. पावतीने पुरावा होतो, हक्क होत नाही. दुसरा म्हणजे पीएम स्वनिधी योजनेसाठी दिलेले शिफारसपत्र किंवा त्यातून निघालेले कर्जमंजुरीचे पत्र. ही योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. सर्वेक्षणात नाव नसलेल्या विक्रेत्यांनाही कर्ज मिळावे म्हणून महापालिका त्यांना शिफारसपत्र देते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने योजनेची कर्जवाटप मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिल्या दोन टप्प्यांतील रकमा १० व २० हजारांवरून १५ व २५ हजारांवर नेल्या, तर तिसरा टप्पा ५० हजारांचाच ठेवला. कर्जाला तारण लागत नाही, वेळेवर हप्ते भरल्यास सात टक्के व्याज-अनुदान मिळते, आणि अशी फेड करणाऱ्यालाच पुढचा टप्पा उघडतो. योजना चांगली आहे आणि ती जरूर घ्यावी, पण तिचे पत्र दबाण शाखेच्या, म्हणजे महापालिकेच्या अतिक्रमण हटवणाऱ्या शाखेच्या, ट्रकसमोर धरून उपयोग नाही. त्यात जागेविषयी कोणतीही हमी नसते.

तिसरा कागद म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे ओळखपत्र. त्यावर विक्रेत्याचा प्रकार, ठिकाण आणि मुदत असते. २०१४ च्या कायद्याचे कलम २७ असे सांगते की, प्रमाणपत्राच्या अटींप्रमाणे धंदा करणाऱ्यास पोलीस किंवा अन्य कायद्याखाली अधिकार वापरणारी कोणतीही यंत्रणा रोखू शकत नाही. हे संरक्षण मिळते ते ‘अटींप्रमाणे’ या शब्दावर, म्हणून अटी वाचाव्यात. संध्याकाळी पाच ते अकरा अशी वेळ लिहिलेली असताना दुपारी दोन वाजता लारी लावली, तर कलम २७ आपल्या बाजूने राहत नाही. ज्या ठिकाणी एकच जागा वेळ वाटून दिलेली असते, तेथे आपली पाळी संपताच सर्व माल उचलणे बंधनकारक आहे. रात्री लारीवर ताडपत्री टाकून ती तेथेच साखळीने बांधून जाणे हे बहुतेक भांडणांचे मूळ असते.

नूतनीकरण ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. मावशींच्या ओळखपत्राची मुदत संपायला तेव्हा सात आठवडे उरले होते. आम्ही ती तारीख डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवली.

नोटीस आली किंवा माल उचलला तर

सार्वजनिक कामासाठी एखादे क्षेत्र विक्रीस बंद करून तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवण्याचा अधिकार महापालिकेस आहे. मात्र त्यासाठी समितीची शिफारस लागते आणि प्रत्येक विक्रेत्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाली की तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहून सही करावी, कारण तीस दिवस तेथून मोजावयाचे असतात. हलवले जाणाऱ्या प्रमाणपत्रधारकाला नवी जागा मिळण्याचा हक्क आहे, म्हणून उत्तर देताना केवळ ‘आम्हांला हटवू नये’ एवढे लिहून थांबू नये. पर्यायी जागा कोणती व तेथे ग्राहक येतो का, हा प्रश्न लेखी विचारावा. विक्री आराखड्याविषयीच्या तरतुदींनुसार, सर्वेक्षणात ओळखला गेलेला जुना वा नैसर्गिक बाजार विक्रीबंद क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही आणि केवळ गर्दी होते हे कारणही त्यासाठी पुरेसे नाही. मंगळबाजारासारख्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बाजारातील विक्रेत्यांनी ही तरतूद आपल्या अर्जात शब्दशः उद्धृत करावी.

मुदत संपूनही जागा न सोडल्यास दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, परंतु जप्त मालाच्या किमतीपेक्षा तो अधिक असू शकत नाही. प्रमाणपत्राविना किंवा अटी मोडून विक्री केल्यास प्रत्येक वेळी २,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माल जप्त करताना त्याची यादी करून, अधिकृत व्यक्तीच्या सहीनिशी तिची प्रत विक्रेत्यास देणे हे कायद्याने आवश्यक आहे. ही यादी मागितल्याशिवाय ट्रकमागे धावू नये. पळापळीत लोक वजनकाटा वाचवायला जातात आणि यादी राहून जाते, मग दुसऱ्या दिवशी गोदामात तीन डझन सारख्याच निळ्या क्रेट्समधून आपली क्रेट ओळखण्याची पाळी येते. क्रेटवर ऑइलपेंटने नाव घालून ठेवणे हा त्यावरचा पाच रुपयांचा उपाय. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि अन्य माल दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेली फी घेऊन, परत करावयाचा असतो. म्हणून फुले, फळे आणि भाजी यांच्या मागणीचा अर्ज जप्तीच्या दिवशीच, वेळ लिहून, द्यावा.

प्रमाणपत्र नाकारले, निलंबित केले किंवा रद्द केले तर अपील करता येते, आणि रद्द करण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. अन्य तक्रारींसाठी माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समितीची तरतूद आहे.

खाण्याची लारी असेल तर

सेवउसळ, वडापाव, पाणीपुरी किंवा चहा विकणाऱ्यास विक्रीच्या प्रमाणपत्राखेरीज अन्नसुरक्षा नोंदणीही असावी लागते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या विनियमांनुसार फेरीवाला ‘छोटा अन्न व्यावसायिक’ गणला जातो आणि त्याला परवाना लागत नाही, फक्त नोंदणी पुरते. अर्ज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर भरतात. विनियमांनुसार सात दिवसांत नोंदणी द्यावयाची, कारण देऊन नाकारावयाची किंवा तपासणीची नोटीस काढावयाची असते. मिळालेले नोंदणीपत्र लारीवर दिसेल असे लावणे बंधनकारक आहे. त्यावर उसळीचा हात लागून महिन्याभरात ते वाचेनासे होते, म्हणून लॅमिनेशन केलेली प्रत लारीवर आणि मूळ घरी, असे करावे.

तपासणीस येणारे अधिकारी पाहतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पिण्यायोग्य पाण्याचा साठा, झाकलेले पदार्थ, झाकणाची कचरापेटी, स्वच्छ हात. वर्तमानपत्रात भजी बांधून देण्यास मनाई आहे, तरी ती सवय आपल्याकडे सुटत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाचे प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले आणि स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आहे, आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या ३१ डिसेंबर २०२२ पासून चालत नाहीत. घरगुती वापराचा १४.२ किलोचा गॅस सिलिंडर लारीवर वापरणे हा नियमभंग असून त्यात सिलिंडर जप्त होतो. व्यावसायिक १९ किलोचा जड वाटत असेल तर ५ किलोचा बाजारभावाने मिळणारा सिलिंडर लारीला सोयीचा पडतो. पावसाळ्यात साथ आली की काही दिवस पाणीपुरीची विक्री बंद ठेवण्याचे आदेश आपल्या शहरात निघालेले आहेत. अशा वेळी त्याच लारीवर दुसरा पदार्थ ठेवून धंदा चालू ठेवता येतो, म्हणून नोंदणीच्या अर्जात पदार्थांची यादी लिहिताना हात आखडता घेऊ नये.

तोलून विकणाऱ्यांनी काट्याची पडताळणी वेळेवर करून घ्यावी. वजने आणि साध्या तराजूची पडताळणी दोन वर्षांनी व इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी करावी लागते.

सणापुरते विक्रेते

पंधरा दिवसांसाठी पतंग, महिनाभर राख्या किंवा गणपतीच्या आधी मूर्ती विकणाऱ्याने वर्षभराच्या प्रमाणपत्रामागे लागण्यात अर्थ नाही, कारण ‘दुसरे उपजीविकेचे साधन नाही’ ही हमी तो बहुधा देऊ शकत नाही. त्याने जागा कोणाची आहे यावरून सुरुवात करावी. महापालिकेचे मोकळे मैदान असेल तर जमीन मिळकत शाखेकडे भाड्याच्या तात्पुरत्या परवानगीसाठी अर्ज करावा. खासगी मैदान वा सोसायटीची जागा असेल तर मालकाचे लेखी संमतिपत्र घ्यावे. रस्त्याला लागून मांडव येत असेल तर वाहतूक पोलिसांची हरकत नसल्याचे पत्रही घ्यावे. अर्ज सणाच्या किमान महिनाभर आधी द्यावा.

पतंगांच्या बाबतीत जागेपेक्षा माल अडचणीत आणतो. नायलॉनच्या व अन्य कृत्रिम धाग्याच्या दोऱ्यावर, म्हणजे लोक ज्याला चायनीज दोरी म्हणतात त्यावर, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असून पोलीस आयुक्तांचे जाहीरनामेही दर उत्तरायणाला निघतात. गेंडीगेटच्या बाजारातून घाऊक फिरक्या आणताना बिल घ्यावे आणि त्यावर ‘सुती दोरी’ असे लिहून घ्यावे. बिलाविना घेतलेल्या पेटीत खाली दोन नायलॉनच्या फिरक्या निघाल्या तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

फटाक्यांचा स्टॉल मात्र सर्वस्वी वेगळ्या कायद्याखाली येतो. त्याला महापालिकेची जागा मिळाली तरी स्फोटक नियम, २००८ खालील तात्पुरता परवाना लागतो आणि शहरात त्यासाठीचा अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत द्यावा लागतो. नियम ८४ मधील अटी मोजपट्टी घेऊन पाहिल्या जातात: शेड न पेटणाऱ्या साहित्याची व बंद करता येण्याजोगी असावी, दोन शेडमध्ये किमान तीन मीटर अंतर असावे, घर, शाळा किंवा अन्य संरक्षित बांधकामापासून पन्नास मीटर दूर असावी, शेडची तोंडे समोरासमोर नसावीत, एका ठिकाणी पन्नासांहून अधिक दुकाने नसावीत आणि आसपास उघडी ज्योत, कंदील वा गॅसबत्ती नसावी. विजेचे दिवे भिंतीला वा छताला पक्के बसवलेले असावेत, लोंबकळती वायर चालत नाही. बांबू आणि कापडाचा मांडव कितीही देखणा असला तरी या परवान्यासाठी चालत नाही, म्हणून मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याच्याकडे पत्र्याची शेड आहे का हे विचारावे. परवान्यावर शेवटची तारीख छापलेली असते. तिच्यानंतर उरलेला माल घरात किंवा गोदामात ठेवता येत नाही, तो ज्या परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याकडून आणला त्याला परत द्यावा लागतो. परत घेण्याची अट खरेदीच्या दिवशीच त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यावी, कारण भाऊबीज उलटल्यावर तो फोन उचलत नाही.